चढ नसलेले गाव

मित्रांनो, नगरपालिकेच्या सभागृहात काचेखाली मांडलेले इवलेसे गाव तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. मी तशीच एक जुनी प्रतिकृती आहे. आकाराने पलंगाएवढी, प्लायवूडच्या फळीवर उभी आणि अगदी सपाट. हा 'सपाट' शब्द उच्चारतानाही मला अपराधी वाटते. का, ते सांगते.

माझा जन्म घाईत झाला. आमचे गाव शहराला लागून असल्याने फुगत चालले होते. खालच्या चौकातला बाजार अपुरा पडू लागला आणि वाहने अडू लागली. तेव्हा बाजार वरच्या मोकळ्या जागेत न्यावा, अशी योजना निघाली. ती सर्वांना समजावी म्हणून मला घडवायचे काम एका कारागिराला मिळाले. तो चौकामागच्या गल्लीत आईबरोबर राहत असे. त्याने पुठ्ठा कापून घरे केली, स्पंजचे तुकडे हिरवे रंगवून झाडे केली आणि लहान लहान मण्यांची माणसे केली. स्वतःचे घरही केले आणि त्याला निळे दार लावले. बोटांना चिकटलेला गोंद सोलत तो माझ्याकडे कौतुकाने पाहत बसे.

तो एकाच ठिकाणी अडला. खालचा चौक आणि वरची जागा यांच्यामध्ये चांगला दम काढणारा चढ आहे. तो दाखवायचा तर थरावर थर रचावे लागणार होते आणि सभा तर तोंडावर आलेली. त्याने नगरपालिकेच्या अध्यक्षबाईंना सांगितले.

"ताई, चढ दाखवायला आणखी वेळ लागेल."

"अहो, चढ कशाला दाखवायचा? हातच्या काकणाला आरसा कशाला! रोज चढतोच की आपण सगळे."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आमचे सभागृहही वरच आहे. सभेच्या दिवशी सारे सदस्य धापा टाकत आले. त्यांनी घाम पुसला, पाणी प्यायले आणि माझ्याभोवती घोळका केला. मग गंमत अशी झाली, की मला पाहताच नुकताच चढून आलेला चढ ते साफ विसरले.

"आत्ता बाजार इथे, उद्या तिथे. वीतभर तर अंतर!" एक सदस्य म्हणाले.

सगळे हसले आणि मंजुरीसाठी हात वर झाले. कारागिराची पाठ थोपटली गेली. माझी तर इतकी स्तुती झाली, की लाकडाची असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. आता त्या स्तुतीची लाज वाटते.

बाजार वर गेला. तो मोठा, स्वच्छ आणि उजेडाचा झाला हे खरे आहे. तरुण मंडळी खूश होती. मला काचेच्या पेटीत मानाची जागा मिळाली. कारागीर अधूनमधून माझी डागडुजी करायला येई. आधी शीळ घालत येई, पुढे पुढे त्याची शीळ बंद झाली. त्याची आई पूर्वी रोज खालच्या बाजारात जायची, भाजी घ्यायला कमी आणि मैत्रिणींशी बोलायला जास्त. तिचे गुडघे तिला चौकापर्यंत नेत, चढावर नेत नसत. आता भाजी मुलगा आणून देई, पण गप्पा कशा आणणार? हे सारे तो माझी काच पुसताना चौकीदाराला सांगे. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, तसे माझे झाले. कोणी काचेपाशी वाकले, की मला वाटे, हा आता मला जाब विचारणार.

पुढे चौकातला दवाखानाही वर न्यायचे घाटू लागले. बाजाराला लागून असला की सोयीचे, असे सगळे म्हणत होते. सभेसाठी मला पुन्हा पेटीतून काढून टेबलावर मांडले. त्या दुपारी कारागीर आईला गाडीत बसवून घेऊन आला. तिने मला कधी पाहिलेच नव्हते.

"अगं बाई! हे तू केलंस?" ती माझ्यावर वाकली. "आणि हे आपलं घर! दारालासुद्धा रंग दिलाय मेल्याने."

मग तिने आपली दोन बोटे त्या निळ्या दाराशी ठेवली आणि पावले टाकावीत तशी चालवत चौकातून थेट वरच्या बाजारात नेली. वाटेत ती कुठेही थांबली नाही.

"बघ, किती जवळ आहे रे! मीच उगाच घरात बसून राहते. हे गुडघेच मेले आळशी."

मित्रांनो, तिने मला दोष दिला नाही. स्वतःच्या गुडघ्यांना दिला! कारागिराने मान खाली घातली. माझा तिथल्या तिथे भुसा व्हावा, असे मला वाटले.

आईला घरी सोडून तो परत आला तो हातात विटा घेऊनच. त्या त्याने माझ्या एका टोकाखाली सरकवल्या. मी कलले. सैल झालेले मणी घरंगळत खालच्या चौकात येऊन पडले. तेवढ्यात सदस्य आत आले.

"अहो, तुमचं मॉडेल कललंय," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मॉडेल नाही ताई, गाव कललंय. पहिल्यापासून. मी दाखवलंच नाही."

अध्यक्षबाईंनी घरंगळलेला एक मणी उचलला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

"मीच नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

दवाखाना चौकातच राहिला. पण बाजार वर गेला तो गेलाच, बांधलेली इमारत काही खाली उतरत नाही. कारागिराची आई अजूनही औषधाला चालत जाते. मैत्रिणी मात्र तिला तिथे भेटत नाहीत.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि हात वर करायची पाळी तुमच्यावरही येईल. माझ्यासारख्या प्रतिकृतीचे कौतुक जरूर करा. पण त्याआधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाचा हात धरून ती वाट एकदा चालून या. त्यांना दम लागेल तिथे तुम्हीही थांबा. आणि ते आपल्या गुडघ्यांना बोल लावू लागले, तर त्यांना एवढे नक्की सांगा, की चूक गुडघ्यांची नाही.