घाटातल्या बसचा निळा

धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा, पण त्याचा सगळा जीव बसगाड्यांत. रस्त्यावरच्या नव्हे हो, तळहातावर मावणाऱ्या. फार वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये धातू ओतून केलेली खेळणी ती. गोल नाकाची, टपावर सामानाची जाळी, मागे इवलीशी शिडी. त्यांच्यासाठी त्यानं काचेचं कपाट करून घेतलं होतं आणि त्या कपाटाजवळून जायचं तर घरातली माशीसुद्धा पाय पुसून जायची.

"माझ्याकडे बघायला यांना चष्मासुद्धा लागत नाही, आणि बसकडे बघायला भिंग," बायको म्हणायची. "मीच आता चाकं बसवून घेते."

प्रत्येक खेळण्याची खरीखुरी जोडीदार बस कुठं धावली ते हुडकून काढायचं आणि तिचा फोटो खेळण्याशेजारी लावायचा, हा त्याचा दुसरा नाद. एकाच बसचा फोटो त्याला मिळाला नव्हता, आणि ती तर घरचीच. थोरला भाऊ घाटात चालवायचा ती निळी बस. रोज दारावरून जाणाऱ्या बसचा फोटो काढावा, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

काय बस होती ती. हॉर्न वाजवला की समोरच्या डोंगरावरची शेळी बाजूला व्हायची आणि मागच्या डोंगरावरची घाबरून दूध द्यायची. चढावर इतकी सावकाश, की म्हणे एका जोडप्याचं तिच्यात लग्न ठरलं आणि घाट संपेपर्यंत त्यांचं पोरगं चालायला लागलं. पुढे ती भंगारात गेली, थोरला घरी बसला, आणि त्या गप्पा तेवढ्या उरल्या.

एक दिवस थोरल्याचा फोन आला. "बारक्या, पार्सल पाठवलंय. उघडून ठेव. मी रविवारी येतोय, मग सांगतो गंमत."

पार्सलात दोघांच्या लहानपणीची बस होती. घरात आलेली पहिली. कुठं गेली म्हणून धाकट्यानं इतकी वर्षं हळहळ केलेली. पण तिच्यावर जाडजूड निळा रंग फासलेला. पांढरा पट्टा वाकडातिकडा, काचेमागे ड्रायव्हर म्हणून एक ठिपका. धाकट्यानं बस भिंगाखाली धरली. जुन्या खेळण्यावर वरून रंग चढवणं म्हणजे ही खेळणी जमवणाऱ्यांच्या लेखी दिवसाढवळ्या खून.

"खाली कारखान्याचा रंग असेल अजून," तो म्हणाला. "काढतो वरचं."

"भावोजींना विचारा तरी आधी."

"दादाला काय कळतंय त्यातलं."

त्यानं रंग काढायचं औषध बरणीत ओतलं आणि बस आत सोडली. निळ्याला सुरकुत्या पडल्या, मग सालीसारखा तो सुटून आला. खाली कारखान्याचा रंग नव्हता. नुसता करडा धातू. सुटलेला लगदा त्यानं रद्दीत गुंडाळून कचऱ्यात टाकला. सकाळी कचऱ्याची गाडी आली आणि घेऊन गेली.

रविवारी थोरला आला. बसायच्या आधीच विचारलं, "बघितलीस?"

"चहा घे आधी, दादा."

"चहा होईल रे. तो निळा ओळखलास का, सांग. अरे, आपल्या बसचाच आहे तो. डेपोतला रंगारी नजरेनं मिसळायचा. त्याला नंबर नाही, नाव नाही. त्या एका बसला लागायचा. बस तोडली त्या दिवशी डब्याच्या बुडाशी राहिलेला मी घरी आणला. इतकी वर्षं जपला. घट्ट होऊन पार गुळासारखा झाला होता, थिनर घालून घालून पातळ केला. परवा माळ्यावर ही बस सापडली तेव्हा म्हटलं, आपल्या बारक्याला फोटो काही मिळत नाही, तर निदान रंग तरी मिळू दे. बस गेली, रंगारी गेला. आता जगात तेवढाच आहे बघ."

बायकोनं आणलेला कप टेबलावर ठेवला.

धाकट्यानं ड्रॉवर उघडला आणि करडी बस टेबलावर ठेवली. थोरल्यानं ती उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"हिचे कपडे कुठं गेले?"

"मला वाटलं, खाली जुना रंग असेल."

"तो कुठला असायला? पायरीवर घासून घासून आपणच तर काढला होता. आई ओरडली होती आपल्याला. आठवत नाही?"

धाकट्याला आठवलं. एक फोन केला असता तरी आठवलं असतं.

"असू दे रे," थोरला म्हणाला. "खेळणंच ते."

पण धाकट्याला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तो रंगाच्या डब्या घेऊन आला आणि भावासमोर बसून चहाच्या बशीत निळा मिसळू लागला.

"हा?"

"गडद झाला."

"आता?"

"यात जरासं हिरवं होतं. तसं दिसायचं नाही. वळणावर ऊन पडलं की दिसायचं."

घरातल्या सगळ्या बशा निळ्या झाल्या. बायकोनं चहा पेल्यातून दिला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. थोरला प्रत्येक बशी खिडकीशी नेई, डोळे बारीक करून बघे, डोकं हलवी. दुपारनंतर बघता बघता त्याचेच डोळे गोंधळले. मधेच म्हणाला, "गंमत बघ, मलाच आता नीट दिसेनासा झालाय तो." मग धाकट्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिला.

पुढची बशी त्यानं खिडकीशी नेलीच नाही.

"हा," तो म्हणाला. "हाच तो. जमला बघ तुला."

धाकट्यानं बशीकडे पाहिलं. दोन निळ्यांतला केसाएवढा फरक त्याला भिंगाशिवाय कळायचा. हेच मिश्रण सकाळी दादानं फिकं म्हणून बाजूला सारलं होतं.

"नक्की?"

"अरे, आयुष्य गेलं त्या बसमध्ये माझं. मला नाही कळणार? लाव."

धाकट्यानं ब्रश बुडवला. दादा हसऱ्या तोंडानं बघत होता, त्यामुळे हात मागे घेता येईना. त्यानं बसच्या गोल नाकावरून पहिला पट्टा ओढला, मग दुसरा.