वेन्डेलची फाईल

अर्डिसने कपाटातून शेवटच्या दोन फायली काढल्या, तशी एमेट लिंडक्विस्टने खुर्ची मागे सारली आणि टोपी उचलली.

"भाच्याचं निघालं," तो म्हणाला. "मी बाहेर थांबतो."

नियमच होता तसा. आमच्या काउंटीतल्या कुठल्या पोरांना सैन्यात बोलवायचं, हे ठरवणारं मंडळ पोस्टाच्या वरच्या मजल्यावर भरायचं. माणसं तीन, तिघंही गावचीच. बी-बियाण्यांचं दुकान चालवणारा एमेट हा प्रमुख, न्हावी मिलो पोस्पिशिल आणि औषधवाला हार्लन व्हीट. पगार कोणालाच नाही, गावच्या शिव्या मात्र तिघांना सारख्या. कागद सांभाळायला अर्डिस होती. नात्यातल्या पोराची फाईल निघाली की त्या माणसाने उठून बाहेर जायचं, आत बाकीच्यांनी ठरवायचं.

मागच्या महिन्यापर्यंत काउंटीकडून महिन्याला तीन पोरं मागत. मग राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर आले आणि व्हिएतनामला आणखी पंचेचाळीस हजार पाठवणार म्हणाले. आठवड्याभरात अर्डिसच्या टेबलावर कागद आला, त्यावर आकडा होता सात.

"माझ्या दुकानात या युद्धाच्या बाजूने बोलणारं एकच गिऱ्हाईक उरलंय," मिलो दुपारी आल्या आल्या म्हणाला होता. "आणि त्याला टक्कल आहे."

"मग येतो कशाला?" हार्लनने विचारलं.

"दुसरीकडे कोण ऐकतंय त्याचं."

सहा नावं अर्ध्या तासात झाली. सातव्यासाठी दोघंच उरले होते आणि दोघांनाही शेतीची सूट होती, म्हणजे घरची गुरं-शेती सांभाळायला लागतात म्हणून सैन्यातून माफी. एक विल्मा क्रेन्झचा ग्लेन, दुसरा एमेटच्या बहिणीचा, लोरेनाचा वेन्डेल. दोघींचे नवरे गेलेले, दोघींना एकेकच मुलगा. एकाची सूट आज काढावी लागणार होती.

वेन्डेलची फाईल याआधीही पाच वेळा निघाली होती. पाचही वेळा एमेट व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या नळापाशी जाऊन उभा राहिला होता, आतलं अक्षरही कानावर पडू नये म्हणून. दहा-बारा मिनिटांनी अर्डिस बोलवायची आणि हार्लन म्हणायचा, "आहे तसंच ठेवलंय." एमेटने कधी काही विचारलं नाही. एकदा चर्चच्या पायरीवर तो चार माणसांत म्हणाला होता, की आमच्या मंडळात भाचा-पुतण्या काही चालत नाही. अभिमान होता त्याला त्याचा, आणि आम्हालाही ते खरंच वाटायचं.

आज नळ दुरुस्तीला काढला होता. टोकाच्या खिडकीतून ऊन थेट अंगावर येत होतं, म्हणून एमेट दाराशेजारीच भिंतीला टेकला. आत पंखा घरघरत होता. उकडतंय म्हणून अर्डिसने दाराला वीट लावून ठेवली होती आणि ती काढायचं आज तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"काल तळ्यावर गेलो होतो," हार्लनचा आवाज आला. "हा एवढा लागला होता गळाला."

"कोंबडीचं काळीज लावलंस का?"

"लावलं. काठापर्यंत आला आणि सुटला."

"सुटलेला मासा नेहमी हा एवढाच असतो बघ," मिलो म्हणाला. "अर्डिस, अर्धा कप कॉफी दे गं. किती मिनिटं झाली?"

"सात."

"अजून तीन मिनिटं होऊ देत. लगेच बोलावलं तर बरं दिसत नाही. मग क्रेन्झच्या पोराचं नाव घालून टाक."

एमेटने टोपीची कड बोटांनी एकदा पूर्ण फिरवली. एप्रिलमध्ये लोरेनाने गाई विकल्या, तेव्हा लिलावाला जनावरं नेणारा ट्रक त्यानेच चालवला होता. फाईलमध्ये त्या बावीस गाई अजून दूध देत होत्या. त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

तो आत गेला.

"हार्लन, माशाचं झालं का?"

अर्डिसने किटली खाली ठेवली.

"अरे, तुझ्या मानासाठीच," मिलो शेवटी म्हणाला. "लोरेनाने आधीच नवरा घालवलाय. आम्हाला काय कळत नाही?"

"विल्मानेही घालवलाय."

"विल्मा आपली कोण लागते?"

"तिच्या गोठ्यात अकरा गाई आहेत. दोन्ही वेळच्या धारा ग्लेनच काढतो. लोरेनाच्या गोठ्यात एप्रिलपासून शेणसुद्धा नाही. लिलावाला तुम्ही दोघंही होतात. दुधाचे कॅन तू घेतलेस, मिलो."

"बायकोने फुलझाडं लावलीत त्यात," मिलो टेबलाकडे बघत पुटपुटला.

"मी परत बाहेर जातो," एमेट म्हणाला. "या वेळी फाईल उघडा."

"एमेट, नीट विचार कर," हार्लन म्हणाला. "बहीण जन्मभर बोलायची नाही तुझ्याशी."

एमेटने बुटाने वीट बाजूला केली आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

अर्डिसने फाईल उघडली. कागदांची पिन गंजली होती. सोडवली तेव्हा वरच्या कागदावर तिचा तांबडा ठसा राहिला. तिनेच हे पुढे आम्हाला सांगितलं. चार वर्षांत त्या पिनेला कोणी हात लावला नव्हता.

या वेळी पंचवीस मिनिटं लागली. एमेट आत आला तेव्हा हार्लन चष्मा पुसत होता आणि तो आधीच स्वच्छ होता. मिलो खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभा होता. ग्लेन क्रेन्झची फाईल कपाटात परत गेली होती. टाइपरायटरशेजारी सात हुकूम एकावर एक ठेवलेले होते.

"शेवटच्यावर मी सही करते," अर्डिस म्हणाली. "चालतं तसं."

"आण इकडे."

त्याने सातही हुकमांवर सह्या केल्या. सातवी पहिल्या सहांसारखीच होती. अर्डिसने तो कागद उचलताना त्याच्याकडे पाहिलं नाही. पोरं निघायच्या सकाळी बसथांब्यावर एमेट स्वतःच्या पैशाने सगळ्यांना डोनट द्यायचा, म्हणून तिने विचारलं, "बेकरीत किती सांगू?"

"सात. नाही, आठ सांग. त्याला एकाने होत नाही."

मिलो आणि हार्लन जिना उतरून गेले. जाताना दोघांनीही त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याने तो ठेवू दिला.

पाच वाजायला आले होते. गुरुवार होता. दर गुरुवारी वेन्डेल गिरणीवर यायचा आणि जाताना मामाला जेवायला घरी घेऊन जायचा. लोरेनाने आज मका उकडला असणार. ऑगस्टात दर गुरुवारी तिच्याकडे तेच असे.

खाली हॉर्न दोनदा वाजला.

"आला," अर्डिस म्हणाली.

एमेट उठला. त्याने टोपी घातली, दारापर्यंत गेला आणि परत येऊन खुर्चीवर बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. पंखा फिरत होता. खाली वेन्डेल कुणाशी तरी मोठ्याने हसत होता.

"अर्डिस," तो म्हणाला, "त्याला खिडकीतून सांग, अजून तीन मिनिटं."