आठची फेरी

जळगावहून नशिराबादकडे निघालं की हायवेच्या डाव्या हाताला एक पिवळी बिल्डिंग लागते. नाव 'निवांत'. साठीच्या पुढच्यांनाच तिथे फ्लॅट मिळतो. बिल्डरने जाहिरातीत काय काय लिहिलं होतं म्हणून सांगू! मोठी लिफ्ट, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, बागेत बाकडी, बाकड्यांवर सावली. बिचाऱ्याने दिलं सगळं, नाही असं नाही. पण बाकड्यांवर बसायला माणसं कुठून आणून देणार होता तो? चोवीस फ्लॅट, एकतीस माणसं, आणि दुपारी अशी शांतता की पहिल्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली तर तिसऱ्या मजल्यावरची माणसं उठून आपला गॅस बघून येतात.

पहिल्या मजल्यावर, एकशे सहा नंबरात वाल्मीकनाना राहत होते. वय चौऱ्याहत्तर. चाळीसगावला रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे काय, तर खांद्यावर हातोडा टाकून रोज पहाटे ठरलेला सहा किलोमीटरचा रूळ पायी चालायचा, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सुटलेली दिसली की ठोकून बसवायची आणि मगच गाड्यांनी जायचं. एकतीस वर्षं नाना चालले. गाडीत बसलेल्या एकाही माणसाला नानांचं नाव माहीत नव्हतं, आणि त्याचं नानांना कधी काही वाटलंही नाही. कारण ड्यूटीवरून यायला उशीर झाला की क्वार्टरच्या दारात लिलाबाई उभी असायची. "कुठे अडकले होते?" असं कपाळाला आठ्या घालून विचारायची. दोन वर्षांपूर्वी लिलाबाई गेली. मुलगा सुयश पुण्याला. त्याने वडिलांना 'निवांत'मध्ये फ्लॅट घेऊन दिला आणि दर रविवारी न चुकता फोन करू लागला. पोरगा वाईट नाही हो, पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो.

आता ही फेरी कशी सुरू झाली ते ऐका. 'निवांत'मध्ये झाडू-फरशी करायला डिंपल येते. बाई फार करारी. तिने पहिल्याच महिन्यात सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, की मी सकाळी सहाला फरशी पुसते, तेव्हा रात्री झोपताना पायपुसणी उचलून दाराच्या जाळीवर टांगायची. खाली दिसलं तर कचऱ्यात टाकीन. तेव्हापासून रात्री सगळी पायपुसणी जाळीवर आणि सकाळी माणूस उठला की खाली. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरचे पुना आबा वारले आणि दोन दिवस कुणाला पत्ताच लागला नाही. सगळ्यांनी जीभ चावली. सेक्रेटरी हेमांगीताईंनी मीटिंग बोलावली. फोनच्या ग्रुपवर प्रत्येकाने सकाळी हजेरी द्यायची असं ठरलं. चार दिवस दिली. पाचव्या दिवसापासून नुसती फुलं आणि सुविचार. कोण जिवंत, कोण नाही, त्यातून काही कळेना. तेव्हा नाना उठून म्हणाले, "पुना आबांचं पायपुसणं दोन दिवस जाळीवरच होतं. आपण बघितलं नाही, एवढंच. मी रोज आठला एक चक्कर मारतो. पायपुसणं खाली असलं तर माणूस उठला. टांगलेलं दिसलं तर मी दार वाजवीन."

झालं. सगळ्यांच्या जिवातला घोर गेला. प्रत्येकाने आपली दुसरी किल्ली नानांकडे आणून दिली. नानांना जणू पुन्हा नोकरी लागली. सकाळची वंदना आटोपायची, लिलाबाईच्या फोटोकडे बघून "निघालो गं" म्हणायचं, आपलं पायपुसणं खाली टाकायचं आणि चालायला लागायचं.

तेवीस दारांपैकी एक दार त्यांना हमखास वाजवावं लागायचं. तीनशे सहा, सुंदरबाई अक्काचं. अक्का ब्याऐंशीची, शिरपूरकडच्या खेड्यातली. दोन्ही मुलं सुरतेला. तिला शहरी बोलणं जमत नसे आणि इतरांना तिची अहिराणी बोलायची लाज वाटत असे, त्यामुळे बाई दिवसदिवस गप्प. चाळीसगावच्या नानांना तिच्याशी बोलताना मात्र तोंड मोकळं झाल्यासारखं वाटायचं. तिचं पायपुसणं आठवड्यातून चार दिवस तरी जाळीवरच असायचं. विसरते बिचारी, असं नाना समजत. दार वाजवलं की ते लगेच उघडे, चहा तयार असे, आणि बशी एकाऐवजी दोन असत. एवढ्यावरून तरी कळायला हवं होतं की नाही? पण पुरुष माणूस, नाही कळलं.

जानेवारीत थंडी कडाक्याची पडली. एका सकाळी दुसरा मजला चढताना नानांना चक्कर आली. ते कठडा धरून पायरीवरच बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. उठून फेरी पूर्ण केली तेव्हा नऊ वाजून गेले होते. अक्काचं पायपुसणं नेमकं त्या दिवशी खाली होतं, म्हणून तिचं दार वाजवलं नाही. आणि दिवसभर एकाही माणसाने विचारलं नाही, की नाना, आज उशीर का? नानांनी दुपारी लिफ्टपाशी तीन जणांना मुद्दाम थांबवून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. हवापाण्याचंच बोलून तिघंही गेले. मग त्यांच्या डोक्यात किडा शिरला: मी तेवीस पायपुसणी बघतो, माझं कोण बघतं?

त्यांनी स्वतःलाच दटावलं. "वाल्म्या, एवढा मोठा झालास आणि कुक्कुलं बाळ झालास का?" पण किडा काही बाहेर निघेना. जेवताना तोच विचार, अंघोळ करताना तोच. मी उद्या गेलो तर पुना आबांसारखे दोन दिवस, की चार? शेवटी बुधवारी त्यांनी ठरवलं. सकाळी उठले, वंदना केली, चहा घेतला आणि पायपुसणं जाळीवर तसंच राहू दिलं. दार लावून घेतलं. दारामागे खुर्ची टाकून बसले. कुणीतरी यावं, दार वाजवावं आणि आपण आहोत की नाही एवढं विचारावं, बस्स. दुसरं काही नको होतं त्यांना. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने हे करावं का? नाही करू. पण केलं.

आठ वाजले. जिना आणि लिफ्ट दोन्ही त्यांच्या दारासमोर, त्यामुळे येणारी-जाणारी सगळी पावलं ऐकू येत होती. सव्वाआठला हेमांगीताई फिरायला गेल्या. चप्पल दारासमोरून फटफट करत निघून गेली, क्षणभरही थांबली नाही. डिंपल बादली घेऊन आली, जाळीपाशी थांबली. नाना खुर्चीच्या टोकावर सरकले. डिंपल फोनवर कुणाला तरी म्हणाली, "नाही गं, इथलं झालं, आता गच्ची राहिली," आणि बादली उचलून गेली. पुढे कुणी दोन बायका बोलत उतरल्या, त्यांचं बोलणं सुनेवरून भाजीवर आणि भाजीवरून पुन्हा सुनेवर गेलं. पायपुसण्यावर काही आलं नाही.

नऊ वाजता बाथरूमच्या पाइपात ठोकाठोक सुरू झाली. टण्ण, टण्ण, टण्ण. थोडा वेळ थांबायची, मग पुन्हा. 'आला वाटतं झिपरू,' नाना मनात म्हणाले. झिपरू प्लंबर गेले दोन महिने गळका पाइप दुरुस्त करायला येतो येतो म्हणत होता. मेला, आजच उगवायचं होतं याला. पावलं ऐकू येईनात म्हणून नानांनी बाथरूमचं दार ओढून घेतलं.

साडेनऊ झाले, दहा झाले. नानांची चिडचिड केव्हाच संपली होती. लिलाबाईच्या फोटोकडे बघायचीही त्यांना लाज वाटायला लागली. ती असती तर म्हणाली असती, उठा, दार उघडा, हा काय पोरखेळ लावलाय. ती असती तर हा खेळ लागलाच नसता. नानांच्या डोळ्यांना धार लागली आणि ती त्यांनी पुसलीसुद्धा नाही, कारण बघायला होतं कोण?

साडेदहाला दार वाजलं.

नाना असे ताडकन उठले की खुर्ची मागे पडली. डोळे पुसले, आणि दार उघडायच्या आधी क्षणभर थांबलेही, आतून आपला आवाज नीट यावा म्हणून. दारात दोनशे सहाचे रूपचंदशेठ उभे होते. नानांच्या बरोबर वरच्या मजल्यावरचे.

"नाना, तुमच्या त्या प्लंबरला आवरा हो. नऊपासून ठोकतोय पाइप. डोकं उठलं माझं. मी ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या नानांना सांगा."

नानांनी जाळीकडे बोट दाखवलं. "शेठ, तुम्हाला दुसरं काही दिसलं नाही? माझं पायपुसणं बघा. अजून जाळीवर आहे."

"हो, बघितलं ना मी सकाळीच, पेपर आणायला उतरलो तेव्हा. म्हटलं धुऊन वाळत घातलं असेल."

"आणि मला काही झालं असतं तर?"

"तुम्हाला?" रूपचंदशेठना खरोखरच हसू आलं. "अहो, काही झालं असतं तर तुम्हीच सांगितलं असतं की आम्हाला! ते काम तुमचंच नाही का?"

माणूस मनाचा वाईटही नव्हता, चेष्टाही करत नव्हता. खरंच तसं वाटत होतं त्याला. पाइप पुन्हा वाजला. टण्ण, टण्ण. आधीपेक्षा हळू.

"सांगा ना त्या झिपरूला," शेठ म्हणाले.

"झिपरू..." नाना म्हणाले आणि त्यांना आठवलं. झिपरू सोमवारीच भाचीच्या लग्नाला शिरपूरला गेला होता. शनिवारी येईन म्हणून नानांनाच सांगून गेला होता. दोनशे सहाचा पाइप, एकशे सहाचा पाइप, आणि तोच वर तीनशे सहाला जाणारा पाइप. आज तीनशे सहाचं दार कुणी वाजवलं होतं?

नानांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि लिफ्टची वाटसुद्धा न बघता जिना धरला. दोन मजले ते कसे चढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. मागून शेठ "अहो नाना, काय झालं, हळू, हळू" करत येत होते. तिसऱ्या मजल्यावर तीनशे पाचला कुलूप. ते लोक महिनाभर लेकीकडे गेलेले. तीनशे सहाच्या जाळीवर पायपुसणं टांगलेलं. आणि आतून आवाज येत होता. घसा बसलेला, फाटलेला, पण बोंब मारत होता.

"कोनी शे का रे? नानाले देखा रे कोनी! तो उना नही आज! त्याना दरवाजा ठोका!"

रूपचंदशेठ धापा टाकत नानांशेजारी येऊन उभे राहिले. त्यांनीही ऐकलं. दोघंही एकमेकांकडे बघेनात.

नानांनी जुडग्यातली तीनशे सहाची किल्ली काढली. दार उघडलं. अक्का बाथरूमच्या फरशीवर कुशीवर पडली होती. लुगडं ओलं, एक पाय बघवत नाही असा वळलेला, ओठ थंडीने निळे. हातात पितळी तांब्या होता, त्याच्या बुडाला पाइपावर आपटून आपटून पोचे पडले होते. सहा वाजता पडली होती ती. नाना आठला येणार, उशीर झाला तरी येणारच, हे पक्कं माहीत होतं म्हणून नऊपर्यंत तिने आवाजसुद्धा केला नव्हता.

आता ती शिव्या देणार असं नानांना वाटलं. द्यायलाच हव्या होत्या. अक्काने मान उचलली आणि नानांना पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं.

"तू जित्ता शे?" ती म्हणाली. "बरा शे ना रे?"

नाना तिच्याशेजारी खाली बसले. शेठनी पलंगावरची गोधडी ओढून आणली, तिच्या अंगावर घातली आणि बाहेर जाऊन ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"मले वाटनं तूच गया," अक्का म्हणाली. तिचे डोळे सुजून लाल झाले होते. "पाय दुखस म्हनीसन नही रडनू मी. काबर नही उना तू?"

साऱ्या बिल्डिंगीत एकच माणूस सकाळपासून नानांची चौकशी करत होतं, आणि ते इथे फरशीवर पडलं होतं. का आलो नाही ते खरं सांगावं असं नानांच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगायचं तरी काय? मला कुणी विचारतं का ते बघायला मी दारामागे खुर्ची टाकून बसलो होतो, हे?

"डोया लागी गया व्हता, अक्का," ते म्हणाले.

"झोप लागनी ना?" अक्काने डोळे मिटले. तिचा चेहरा एकदम सैल पडला. "मंग बरं व्हयनं."

तिने चाचपडत नानांचा हात धरला. बर्फासारखा गार हात होता तिचा. ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला. नाना तेवढा वेळ तो हात चोळत ओल्या फरशीवर बसून होते, आणि त्यांना एकदाही तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.