दुसऱ्या पाण्याची कॉफी

साईरामच्या पत्राला चंद्रमौळीने उत्तर दिलं नव्हतं, याला चार वर्षं होऊन गेली. पत्र काही हरवलं नव्हतं. कपाटात पुस्तकांच्या मागच्या रांगेत ते उभं करून ठेवलेलं असे आणि महिन्यातून एकदा तरी चंद्रमौळी ते काढून वाचत असे. पाठच झालं होतं म्हणा ना.

साईराम हा त्याचा आतेभाऊ. राहायला चेन्नईला. हाताला आलेला पैसा त्याच्या हातात कधी मुक्कामाला राहिला नाही. त्याने लिहिलं होतं :

‘चंद्रू, फोनवर तू बरं, बरं म्हणून सुटतोस, म्हणून कागदावर लिहितो. मी मिळवलं ते सगळं खाल्लं, ल्यालो, फिरलो. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण बासष्ट झाली तरी सोमवार उजाडला की मला कामावर जावं लागतं आणि हातपाय चालतील तोवर जावं लागणार. आपल्या घराण्यात स्वतःच्या मर्जीने नोकरी सोडणारा एकच निघेल, तो तू. तुला मोकळा झालेला मला एकदा बघायचंय. तिरुविडैमरुदूरच्या आमच्या जुन्या घरातली रस्त्याकडची खोली रिकामी आहे. मोकळा झालो की पुस्तकं मांडून बसेन, येईल त्याला वाचायला देईन, असं म्हणायचास ना? खोली तुझी. भाडं नको. तारीख तेवढी कळव.’

तारीख! तिथेच सगळं अडलं होतं.

चंद्रमौळी तिरुभुवनम्‌च्या एका विणकर सोसायटीत रेशमी साड्या दाखवायचं काम करी. लग्न झालं त्या वर्षीच त्याने आणि मीनाक्षीबाईंनी ठरवून टाकलं होतं, की पगारातला अर्धा भाग नुसता बाजूला टाकायचा. त्याच्या व्याजावर दोघांचं घर चालेल एवढी रक्कम जमली, की नोकरीला रामराम. त्या रकमेला दोघं ‘आकडा’ म्हणत. मुलगी श्रीविद्या शिकली, कोइंबतूरला संसाराला लागली, तरी आकडा घरात होताच, एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा. आकड्यासाठी चंद्रमौळी रोज कुंभकोणम ते तिरुभुवनम् सायकल मारी. आकड्यासाठी दोघं एकाच दिव्याखाली बसत, तो पुस्तक घेऊन, त्या निवडण-टिपण घेऊन. आणि आकड्यासाठीच ती कॉफी.

कुंभकोणमात कॉफीचा पहिला अर्क, म्हणजे डिकॉक्शन, हा घराच्या अब्रूचा प्रश्न असतो. मीनाक्षीबाई तो पाहुण्यांसाठी राखून ठेवत. फिल्टरातल्या त्याच पुडीवर, म्हणजे कॉफीच्या भुकटीवर, पुन्हा गरम पाणी ओतून जो फिकट अर्क उतरे, त्याची कॉफी दोघं पीत. गावात हे कुणाला सांगण्याची सोय नव्हती. दार लावून प्यायचीच कॉफी ती.

दर युगादीला, म्हणजे पाडव्याला, त्या विचारत, “किती राहिलं?”

“थोडं,” चंद्रमौळी सांगे.

आता खरी गोष्ट सांगायची तर आकडा तीन वर्षांपूर्वीच पुरा झाला होता. बँकेतल्या पोरीने पासबुक छापून हातात दिलं तेव्हा चंद्रमौळीने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि तो बाकावर जाऊन बसला. घरी जाऊन सांगायचं म्हणून सायकलवर बसला खरा, पण निम्म्या वाटेवर औषधांचे भाव आठवले. मग व्याज उतरलं तर काय, हे आलं. एक वर्ष जास्त काढू, म्हणजे पाया पक्का होईल, असं म्हणत तो घराच्या पायरीशी पोचला आणि गप्प राहिला. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी भीती बरीचशी ओसरली होती, पण आता इतके दिवस सांगितलं नाही याचीच लाज वाटायला लागली होती.

आवणी महिन्यातला, म्हणजे श्रावण-भाद्रपदातला, मंगळवार. चंद्रमौळीचा सुट्टीचा वार. मीनाक्षीबाईंच्या भाचीचं, कीर्तीचं, लग्न दहा दिवसांवर आलं होतं. सकाळी त्यांनी ट्रंक उघडली आणि स्वतःच्या लग्नातली जांभळी साडी बाहेर काढली. लग्नानंतर ती अंगाला लागली नव्हती. ‘चांगल्या वस्तूस उगीच हात लावू नये, मळते,’ हे चंद्रमौळीचं म्हणणं. अंगणातल्या उन्हात त्यांनी पदर खांद्यावर टाकला, नुसता रंग बघायला.

टर्र.

साडी घडीवर चिरली होती, सुरीने कापावी तशी सरळ. मीनाक्षीबाईंनी दुसरी घडी उलगडली. तीही गेली.

चंद्रमौळी पुढे झाला आणि सवयीने कापड बोटांत धरून म्हणाला, “घडीवर गेली. रेशीम एकाच घडीत ठेवलं की जरीची तार त्यास कापते. तीन महिन्यांनी घडी मोडून नवी घालायची असते.”

“असें का?” मीनाक्षीबाई तंजावरकडच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाल्या. “हें कोण सांगतें?”

“मी सांगतो. येईल त्या गिऱ्हाइकास सांगतो.”

“सगळ्या जगास सांगितलें. घरातली बायको तेवढी राहिली!”

चंद्रमौळीने कापड हातातून सोडलं. तीस वर्षं रोज दहा वेळा म्हटलेलं वाक्य, आणि स्वतःच्या घरची ट्रंक त्याला एकदाही आठवली नव्हती.

मीनाक्षीबाईंनी साडी गोळा करून मांडीवर घेतली. रडल्या नाहीत. उगीच समजूतदारपणे म्हणाल्या, “जाऊ द्या. लग्नास ती सुती नेसेन. आकडा झाला की घेऊं एक. आता कितीसें राहिलें असेल?”

‘थोडं’ हा शब्द चंद्रमौळीच्या ओठांवर आला. पण चिरलेलं रेशीम मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला तो त्याच्याने सांगवेना.

“झाला,” तो म्हणाला.

“काय झाला?”

“आकडा. पुरा झाला.”

“केव्हा? काल?”

“तीन वर्षांमागे.”

मीनाक्षीबाईंनी साडी बाजूला ठेवली. मग उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि कॉफीचं फिल्टर हातात घेऊन बाहेर आल्या. चंद्रमौळी एक पाऊल मागे सरला.

“तीन वर्षें! तीन वर्षें मी ह्या पुडीवर दुसरें पाणी ओततें आहे! अहो, शेजारच्या वसंताची मांजर ह्या कॉफीस तोंड लावीत नाहीं!”

“चूक झाली.”

“दुसरें पाणी मज कधी जड नाहीं गेलें. कशासाठी पितें हें ठाऊक होतें. आनंदाने प्यालें. पण काम झालें हें मज कळावयास नको? शर्यत संपली, आणि मी एकटी आपली पळतेंच आहे!”

“भीती वाटली,” चंद्रमौळी म्हणाला. “आजारपण आलं, भाव वाढले, व्याज घटलं, तर?”

“भाव आपणांवर वाढून वाढून किती वाढतील? आपण विकत घेतों काय? तांदूळ, डाळ, आणि तुमचीं जुनीं पुस्तकें!” एवढं बोलून त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. त्या फिल्टर पोटाशी धरून हसायला लागल्या, थांबेनात. “अहो, एवढ्या थोडक्यांत जगणाऱ्या माणसांस कोण काय करणार? इतकीं वर्षें आपण हेंच तर शिकलों! साईराम भावजी भ्याले तर गोष्ट निराळी. त्यांस एका रविवारास जें लागतें, त्यांत आपला महिना होतो.”

चंद्रमौळीला हे कधी सुचलंच नव्हतं. तो आजवर जमलेल्या रकमेकडे बघत आला होता, लागणाऱ्या रकमेकडे नाही.

“चला,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “चप्पल घाला. आज फिल्टर धुवायचें नाहीं.”

कोपऱ्यावरच्या हॉटेलात पितळी पेल्यांतून कॉफी आली, वर फेस. मीनाक्षीबाईंनी ती पेल्याखालच्या वाटीत ओतली, पुन्हा पेल्यात ओतली, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. चंद्रमौळी भिंतीवरचा भावफलक वाचायला लागला.

“तिकडे बघूं नका,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

तिथून ते बसने तिरुभुवनम्‌ला गेले. सोसायटीत चंद्रमौळीची कामावरची जोडीदारीण नागलक्ष्मी गादीवर बसून साड्यांना विशिरी, म्हणजे पंख्यासारखी घडी घालत होती. त्याला सुट्टीच्या वारी, तेही बायकोबरोबर, गिऱ्हाइकांच्या बाजूला बसलेला पाहून तिने कामच थांबवलं.

“अण्णा, चुकून पलीकडे बसलात!”

“चुकून नाही. हिला साडी दाखव.”

“अय्यो! आज पाऊस येणार!” नागलक्ष्मीने शेजारच्या कपाटातून सगळ्यात भारी साडी काढली आणि हाताच्या एका झटक्यात पसरली. पदरावर बोटभर जागा मोकळी नव्हती, सगळं जरीकाम.

मीनाक्षीबाईंनी तिच्यावरून हात फिरवला. “सुरेख आहे. पण ही नेसून मी भाजी आणायला गेलें तर भाजीवाला पळून जाईल. मज अशी दाखव, जी लग्नासही चालेल आणि एखाद्या रिकाम्या गुरुवारासही.”

बऱ्याच उलथापालथीनंतर आंब्याच्या रंगाची, बारीक काठांची एक त्यांच्या मनात भरली. खांद्यावर टाकून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, आणि चंद्रमौळीला वाटलं, आपण इतक्या बायकांना ‘तुम्हाला शोभते’ म्हणून सांगितलं, ते सगळं सरावाचं होतं.

“ती हिरवीही दे,” तो एकदम म्हणाला. “आणि ती करडी. दोन्ही बांध.”

“पोदुम!” मीनाक्षीबाई ओरडल्या. पुरे हे त्यांना नेहमी तमिळमधूनच सुचे. “काय हो, साईराम भावजी अंगांत आले कीं काय? एक पुरे. एक, पण नेसायची.”

नागलक्ष्मी हसून हसून साड्यांवर आडवी झाली.

ती पुडकं बांधत होती तेव्हा चंद्रमौळीने समोर पाहिलं. गादीवर त्याची रोजची जागा रिकामी होती. तिथे बसून त्याने अर्धं आयुष्य लोकांचे सण पाहिले होते. जागा वाईट नव्हती. फक्त तिथे परत बसावं असं आज त्याला वाटत नव्हतं.

“नागलक्ष्मी, एक कोरा कागद दे.”

“बिलाला?”

“नाही. सेक्रेटरींना द्यायचाय.”

अक्षर जरा वाकडं आलं, पण राजीनामा चार ओळींत संपला. सेक्रेटरी कृष्णमूर्ती यांनी तो वाचून चष्म्यावरून विचारलं, “तब्येत बरी आहे ना?”

“फार बरी आहे,” चंद्रमौळी म्हणाला. हे इतक्या मोठ्याने आपण बोललो याचं त्याला नवल वाटलं.

दुपारी घरी येऊन तो टेबलाशी बसला. साईरामला लिहायला घेतलेले तीन कागद माफी मागण्यातच भरले. मीनाक्षीबाईंनी ते वाचले आणि चुलीपाशी नेऊन ठेवले. “भावजींनी तारीख विचारली आहे, तुमची कबुली नाहीं.”

चौथा कागद असा झाला :

‘साईराम, विजयादशमीला सकाळी नऊ वाजता खोलीची किल्ली घ्यायला येतो. मीनाक्षीही येते आहे. मी मोकळा झालो आहे. खरं म्हणजे तीन वर्षांपूर्वीच झालो होतो, पण ते भेटल्यावर. तू रजा काढून ये. येण्याजाण्याचा खर्च मी देईन, नाही म्हणू नकोस, मला अजून खर्च करायची सवय लावायची आहे. रस्त्याकडच्या खिडकीला गज आहेत का, ते कळव. – चंद्रू.’

शेवटचं टपाल निघायला पाव तास होता. दोघं झपझप चालत पोस्टापाशी पोचले. चंद्रमौळीने पाकीट पेटीच्या तोंडात घातलं, पण बोटं सोडेनात. आत अर्धं, बाहेर अर्धं.

“व्याज उतरलं तर...” तो पुटपुटला.

“तर मी शिकवण्या घेईन, तुम्ही दळण आणाल. सोडा.”

मागे एक पोस्टमन पिशवी घेऊन उभा होता. “सार, टाकणार आहात की परत नेणार? मला पेटी उघडायची आहे.”

“टाकतोय,” चंद्रमौळी म्हणाला, आणि त्याने पत्र टाकलं.