नवरीचं गाणं

सूर जुळवून झाले होते. रॉइश मास्तरांनी हात वर केला आणि तेवढ्यात किल्ल्यातल्या चर्चची मोठी घंटा वाजायला लागली. ती थांबेना. मास्तरांचा हात तसाच वर राहिला.

ड्यूकसाहेबांची आई गेली होती.

आम्ही दरबारी वादक म्हणजे निळ्या अंगरख्यातले नोकरच. मी व्हायोला वाजवायचो आणि मेजवानीला ताटंही उचलायचो. मास्तर दरबाराचे संगीतकार, पण जेवायला आमच्यातच, मुख्य आचाऱ्याच्या खालच्या जागेवर. त्यांचा ऑपेरा वर्षानुवर्षं रखडला होता. एकदा नाटकघर जळालं, एकदा त्याचे पैसे ड्यूकसाहेबांच्या शिकारी कुत्र्यांवर गेले. या वेळी गायकांच्या तालमी झाल्या, त्याही नुसत्या हार्प्सिकॉर्डवर. सगळी वाद्यं त्यात आज पहिल्यांदा मिळणार होती.

कारभारी फॉन क्रेल दारातूनच बोलले, "रॉइश, नाटक बंद. वर्षभर दुखवटा. राज्यात कुणी तार छेडायची नाही, घंटाही वाजवायची नाही."

"वर्षभर, साहेब?"

"शनिवारी अंत्यविधी. त्यापुरतं संगीत द्या. मग वाद्यं माझ्याकडे कुलपात."

मास्तर खोकले आणि रुमाल त्यांनी मुठीत दाबला. त्या रुमालावर काय असतं ते अख्ख्या स्वयंपाकघराला ठाऊक होतं.

संध्याकाळी त्यांनी ऑपेरातून नवरीचं गाणं बाहेर काढलं. सगळ्यात सुंदर तेच होतं. जुने शब्द खोडून त्यांनी खाली प्रार्थनेचे शब्द बसवले आणि वर लिहिलं, 'अतिशय संथ'. असं सगळेच संगीतकार करतात, त्यात चोरी नाही. पण मला राहवेना.

"मास्तर, दुसरं कुठलंही घ्या. हे एकदा मयताला वाजलं की लग्नात कोण गाऊ देईल? ऑपेरा संपलाच म्हणायचा."

"पुढच्या वर्षी तू ऐकशील रे, वेंडेल. मी असणारे का?"

"असं बोलू नये."

"मग काय, घंटेला थांब म्हणू? मला ते एकदा ऐकायचंय. कसंही. तू स्वरलिपीच्या रेघा आख."

मी रेघा आखल्या. राग येत होता, पण कुणावर ते कळत नव्हतं.

शनिवारी प्रार्थना चालू असताना मास्तरांना उबळ आली. त्यांनी दाबली, ती पुन्हा आली. फॉन क्रेलनी नुसती मान दाराकडे वळवली. दोघा शिपायांनी मास्तरांना कोपराला धरून बाहेर नेलं आणि दार लावून घेतलं. पहिल्या व्हायोलिनवाल्याने गज उचलला, नवरीचं काम करणाऱ्या गायिका ओटीलीबाई गायला लागल्या. इतकं चांगलं आम्ही कधीच वाजवलं नव्हतं, आणि वाजवताना मला सारखं वाटत होतं की उठावं आणि ते दार उघडावं. मी उठलो नाही.

बाहेर मास्तर घोड्यावर चढायच्या दगडावर बसले होते. टोपावर बर्फ साचला होता.

"ऐकू आलं?" मी विचारलं.

"दार जाड आहे. खालचे स्वर आले. चेलोवाला बरा वाजवत होता. वरचं गाणं काही आलं नाही. कसं झालं?"

"ड्यूकसाहेब रडले."

"ते आईसाठी. गाणं कसं झालं?"

 मी हळूच गुणगुणायला लागलो. त्यांनी ऐकलं आणि गुडघ्यावर बोटानं ठेका धरला, दुप्पट जलद.

"नवरी आहे रे ती. रांगत नको नेऊस तिला."

मी लय वाढवली. गाणं अर्ध्यावर आलं होतं. फॉन क्रेलचा माणूस वाद्यं गोळा करत आमच्यापर्यंत पोचला.

"दुखवटा लागलाय. तोंड बंद. आण ते इकडे."

मी व्हायोला दिला. मास्तर त्या माणसाकडे पाहून थोडे हसले आणि अंगरख्याचं बटण लावत बसले.

पानगळीत ते गेले. दुखवट्याचे महिने अजून उरले होते, म्हणून घंटासुद्धा वाजली नाही. पाद्रीबाबांनी चार शब्द भराभर उरकले. आम्ही सगळे वादक रिकाम्या हातांनी खड्ड्याभोवती उभे राहिलो.

माझा डावा हात खिशात होता. बोटं अस्तरावर आपोआप पडत होती, मास्तरांनी दाखवलेल्या लयीत. मी शेजारी पाहिलं. चेलोवाल्याचाही खिसा हलत होता.