चपलेवर वाजणारा नादकाटा

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. पोलादाच्या दोन भुजा आणि खाली दांडा, एवढाच माझा देह. जन्मभर मी एकच सूर काढत आलो.

रोह्याच्या शाळेत मी मोरोपंत सरांच्या हाती आलो. मला टेबलावर आपटले तर माझ्या भुजांना इजा होते, म्हणून रबरी ठोकळा लागतो. एकदा तो हरवला. सरांनी सरळ पायातली रबरी चप्पल काढली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, आम्हाला वाटलं आमचाच नंबर!" सर हसले, मला चपलेच्या टाचेवर ठोकले आणि माझ्या भुजा वाटीतल्या पाण्याला टेकवल्या. पाणी उडाले. आवाज म्हणजे कंपन, हे सगळ्यांना दिसलेच. तेव्हापासून नवा ठोकळा कोणी मागितला नाही.

सर निवृत्त होताना शाळेने मला त्यांनाच देऊन टाकले. पुढे त्यांना ऐकू येईनासे झाले. माणसे ओरडून बोलत. सर नुसतेच मान हलवत. त्यांची मुलगी हेमांगी पेणला विज्ञान शिकवते. एका रविवारी तिने मला चपलेवर ठोकून माझा दांडा त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवला. हवेतून न पोहोचणारा सूर हाडातून आत गेला.

"आला गो, आला!" सर म्हणाले.

मग दर रविवारी मी वाजू लागलो.

सर गेले. हेमांगीने मला पेणला नेले आणि रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले. वाजलोच नाही, तर माझ्यात आणि खिळ्यात फरक तो काय?

एकदा तिची आई, अनसूयाबाई, रोह्याहून आली. कपाट उघडून म्हणाली, "ह्यांनी कधी कपाटात ठेवला होता गो त्याला?"

"वाजवला की बाबा आठवतात, आई."

"नाय वाजवलास तर विसरणार हायस?"

सोमवारी मी हेमांगीच्या पिशवीत होतो.

वर्गात रबरी ठोकळा समोरच होता. तिने तो बाजूला सारला आणि पायातली चप्पल काढली.

"बाई, चप्पल कशाला?"

"आमच्या घरची पद्धत आहे."

मी वाजलो. तिने माझा दांडा स्वतःच्या कानामागे टेकवला आणि सूर विरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग मला पहिल्या बाकावर दिले. "आता तुम्ही. टेबलावर नको हं."

मित्रांनो, मला कोरडा ठेवा, आपटू नका. पण जपायचे म्हणून गप्प ठेवू नका. चप्पल रबरी असली, की कुणाचीही चालते.