रेडिएटरमधली हळद

झरी गाव मागं पडलं आणि गाडीच्या तापमानाचा काटा पुन्हा वर सरकला.

मागच्या सीटवर माझ्या सासूबाई, सरजाबाई, उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या किडन्या कधीच्याच थकलेल्या. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस. सोमवारची पाळी ह्या गाडीनंच चुकवली होती. आज बुधवार, पाय सुजून टम्म आणि श्वास घरघरायला लागलेला. आजची पाळी चुकवून चालणार नव्हतं.

इंजिन गार ठेवणारं कूलंटचं पाणी कुठंतरी गळत होतं. गाडीखाली थेंब पडायचे. आमच्या ह्यांनी, सिद्धोधननं, माझ्या भावाचं ऐकून रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली. ती म्हणे भेगेत जाऊन बसते. थेंब थांबले. हे असे खूश, की घरच्या हळदीचं मलाच कौतुक सांगत बसले. पाणी तरी कमी होतंच आहे, असं मी म्हणाले. कोण ऐकतंय!

"अहो, थांबवा. काटा बघा."

बाभळीखाली गाडी लावली. बॉनेट उघडल्यावर गोडसर, उग्र वास आला. इंजिन निवल्याशिवाय झाकणाला हात लावता येत नव्हता आणि सासूबाईंकडं तेवढा वेळ नव्हता.

"काय रं सिद्धू, गाडीला बी डायलिसिस लागलं काय?" आतून आवाज आला. एवढ्या वाक्यात त्यांनी दोनदा दम घेतला.

ह्यांनी रेडिएटर पाहिला, पंप पाहिला. दोन्ही बाहेरून कोरडे. मी मोबाईलचा उजेड इंजिनच्या मागच्या फटीत मारला. काळ्या रबरी पाइपवरून पिवळा ओघळ उतरला होता.

"हीटरचा पाइप हाय," हे म्हणाले. "टोकाला चिरलाय."

चिरलेलं टोक चाकूनं कापलं, उरलेला पाइप ओढून बसवला, पट्टी आवळली. ह्यांचं मनगट भाजलं. मग ओलं फडकं धरून झाकण हळूहळू सोडलं आणि कॅनमधलं पाणी ओतलं. सासूबाई त्या धारेकडं बघत होत्या. त्यांना पाणी घोटाघोटानंच द्यायचं असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"गाडीची मजा हाय," त्या म्हणाल्या. मी ओला रुमाल त्यांच्या ओठांना लावला.

गळती थांबली. गाडी पुन्हा निघाली, पण काटा चढतच राहिला.

"रेडिएटरच्या नळ्या बुजल्यात. तुझ्या भावाची हळद!"

"मूठ कुणाची होती?"

ह्यांनी काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनची गरमी आत ओढली की काटा जरा दम खातो. मे महिन्याच्या दुपारी तोंडावर भट्टीचा झोत आला. काटा थबकला.

"मला भाजून खायलाव काय रं?" सासूबाई म्हणाल्या. नंतर काही म्हणाल्या नाहीत.

"आत्याबाई?"

मी वळून त्यांचा हात धरला. एवढ्या उकाड्यात तो गार होता.

मी हीटर बंद केला.

"मनिषा, इंजिन बसंल!"

"बसू द्या."

ह्यांनी आरशात आईकडं पाहिलं आणि पाय तसाच दाबून ठेवला. काटा लाल पट्ट्यात गेला. पुढं परभणीतली गर्दी लागली, बॉनेटमधून धूर निघायला लागला, लोक ओरडून हातवारे करायला लागले. दवाखान्याची पाटी दिसली तेव्हा इंजिन एकदा खडखडलं आणि जागीच बसलं.

ह्यांनी दार उघडं टाकलं, आईला दोन्ही हातांवर उचललं आणि पळत सुटले. मी मागं. सासूबाईंचं डोकं ह्यांच्या खांद्यावर हलत होतं. त्या हलवतायत, की पळण्यानं हलतंय, ते मला मागून कळत नव्हतं.